एक्केचाळिसाव्या दिवसाची काठी

पहिला दिवस

दोघंही डावा पाय आधी टाकून आत उतरली.

“बाहेर,” मी म्हणाले.

बाहेर गेली, परत आली. मुलीने या वेळी उजवा टाकला. मुलाने दोन्ही टाकले, म्हणजे सरळ उडीच मारली. कळरीची, म्हणजे आमच्या केरळी आखाड्याची, जमीन अंगणापेक्षा छातीभर खोल आहे, चार पायऱ्या उतरून यावं लागतं, त्यामुळे उडी मारावीशी वाटते हे खरं. मला बावन्नाव्या वर्षीही वाटते.

“बाहेर.”

तिसऱ्या खेपेला दोघं उजव्या पायाने आली, वाकून माती शिवली, बोटं कपाळाला लावली आणि समोरच्या कोपऱ्यातल्या पूतऱ्याला नमस्कार केला. सात पायऱ्यांचा, मातीचा. तिथे आमची देवी आणि होऊन गेलेले सगळे गुरू दाटीवाटीने राहतात. रोज एक दिवा आणि चार फुलं, एवढ्यावर त्यांचं भागतं.

मुलगी शिम्ना, बारा वर्षांची. मुलगा बिबिन, नऊ वर्षांचा. बसस्टँडमागच्या मैदानावर न्यू मयूरी सर्कस लागली होती, तिच्यातल्या सुरेंद्रनची ही पोरं. सुरेंद्रन लोखंडी गोलात मोटारसायकल फिरवतो. बायको दिलमाया नेपाळची, ती दोरीवर लटकते. बाराही महिने गावोगाव. पण सुरेंद्रन मूळचा इकडचाच, शेजारच्या तलश्शेरीचा, म्हणून पोरांना घेऊन आमच्या दारी आला होता.

“पंचेचाळीस दिवस वडकऱ्यात आहोत,” तो म्हणाला. “पोरांना जरा कळरी दाखवा. माझे आजोबा अशाच एका कळरीतून सर्कशीत गेले होते.”

अच्छन, म्हणजे माझे वडील, चात्तू गुरुक्कळ, या कळरीचे गुरू, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. वय ब्याऐंशी. तीन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती कुजबूज, आणि ती समजणारी गावात मी एकटी. त्यांनी ओठ हलवले. मी सुरेंद्रनला सांगितलं, “एक्केचाळीस दिवसांपेक्षा कमी दिवसांसाठी ते कोणाला घेत नाहीत. एक दिवस खंडला की पुन्हा पहिल्यापासून. सगळे भरले आणि पहिली कवायत बिनचूक झाली, तर शेवटच्या दिवशी हातात काठी देतात.”

“एक्केचाळीसच?” बिबिनने विचारलं. “चाळीस नाही चालणार?”

“तू काय मासळी घ्यायला आलायस?”

शिम्ना भिंतीवर आडव्या टांगलेल्या वेताच्या काठ्यांकडे बघत होती. एकेक करून, जसं कोणी यादीतलं नाव शोधतं.

त्या दिवशी पाय उचलायचा, एवढंच. गुडघा न वाकवता, डोक्यावर धरलेल्या तळहाताला पाऊल लागेपर्यंत. आमच्या गावातल्या पोरांना तिथवर पोचायला चार महिने लागतात. या दोघांचं पाऊल पहिल्याच दमात तळहाताच्या पुढे गेलं. आणि पाय खाली येताच दोघांनी एकदम हात वर पसरले, मान तिरकी केली आणि सगळे दात दाखवून हसली. समोर नुसती भिंत होती.

“हे काय?”

“सलाम,” शिम्ना म्हणाली. “खेळ झाला की करतात.”

“इथे खेळ होत नाही. हात खाली.”

निघताना मात्र वेगळंच झालं. कळरीतून बाहेर पडताना पूतऱ्याला पाठ दाखवायची नसते, उलट्या पावली जायचं असतं. नवी पोरं एकमेकांवर आदळतात, पायरीवर आपटतात, आया बाहेर हळदीची वाटी घेऊन उभ्या असतात. ही दोघं न सांगता, सरळ रेषेत, मागे न बघता उलटी चालत गेली आणि टाच लागताच चारही पायऱ्या उलट्या चढली.

अच्छनच्या भुवया वर गेल्या.

“कोणी शिकवलं?” मी विचारलं.

“रिंगणातून असंच जायचं असतं,” बिबिन वरून म्हणाला. “लोकांना पाठ दाखवली की मालक शिव्या देतात.”

दुसरा ते सहावा

पाय. हात खाली. पाय. हात खाली. पाय. बिबिन, हात. पाय. बिबिन. पाय. बिबिन. पाय. शिम्ना, तूसुद्धा.

नववा, नुसतं बोलणं, तेल लावताना (चेची म्हणजे ताई, ती मी; मोळे म्हणजे पोरी)

“चेची, तेल कशाला?”

“सांधे मोकळे व्हायला.”

“आमचे मोकळेच आहेत.”

“तुझं तोंड त्याहून मोकळं आहे, बिबिन. पाठ फिरव.”

“चेची, तू ग्रंथालयात काम करतेस ना? तिथे सहावीचं इतिहासाचं पुस्तक असेल?”

“असेल की. का गं, मोळे?”

“मोहेंजोदडोच्या पुढे काय झालं ते बघायचंय.”

“म्हणजे?”

“शाळेत नाव घातलं की मोहेंजोदडो सुरू होतं. ते संपत आलं की तंबू उतरतो. पुढच्या गावी परत मोहेंजोदडो. अकरा शाळा झाल्या.”

“दिदीने हिमालयाचा धडा चार भाषांत वाचलाय. शेवट एकाही भाषेत नाही.”

“तू गप रे. याने भागाकार अजून पाहिलेला नाही.”

“तो काही बघण्यासारखा नसतो, बिबिन. आणि सर्कशीत, मोळे? तिथे तरी काही करतेस ना?”

“अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय रिंगणात उतरू देत नाहीत. कायदा आहे. पणजोबा सहाव्या वर्षी उतरले होते. मी तिकिटं फाडते. अर्धी.”

“अर्धी म्हणजे?”

“अर्धं तिकीट लोक घेऊन जातात ना. माझ्याकडे उरतं ते अर्धंच.”

“हं. दुसरा हात दे इकडे.”

“चेची, काठी नक्की देतील ना? एक्केचाळिसाव्याला?”

“दिवस भरले तर.”

“भरतील. पंचेचाळीस आहेत. चार उरतातच.”

चौदावा, नुसती वायतारी

(कवायत चालू असेपर्यंत प्रत्येक हालचाल तोंडाने सांगावी लागते. ती वायतारी. पूर्वी अच्छन सांगायचे, आता मी.)

उजवा पाय पुढे. गुडघा वाकवून. हात छातीशी. डावा मागे ओढून. बिबिन, दुसरा डावा. खाली वाकून. माती बघून. डोकं वर. उसळून, वळून, पूतऱ्याकडे. तिकडे नाही, तिकडे माझ्या घरी पुट्टू शिजतोय, पूतरा इकडे. पाय वर. तळहाताला लागून. खाली. हात खाली. शिम्ना, छान, हसू नकोस, हसलीस की हात वर जातो. डावा पाय पुढे. गुडघा वाकवून. सापासारखं खालून. साप म्हणाले, बिबिन, साप कधी ओरडतो का? डोकं वर. उसळून, वळून. पुन्हा उजवा पाय पुढे.

एकविसावा, एका वाक्यात

शिम्नाने पहिली कवायत पहिल्यापासून शेवटपर्यंत वायतारीबरोबर न चुकता केली, आणि शेवटच्या पावलाला तिचे दोन्ही हात वर गेले, आणि अच्छननी स्टुलाजवळची आपली काठी जमिनीवर आपटली, आणि दुपारी दिलमाया मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली की पोरगी सकाळपासून दोन्ही हात ओढणीने कमरेला बांधून तंबूत फिरतेय आणि जेवणही भावाला भरवायला लावलंय.

एकही दिवस नाही, थोडं माझं

मी सात वर्षांची असताना या कळरीत उतरले आणि तेराव्या वर्षी बाहेर पडले. पडले म्हणजे, पडायला सांगितलं. मुलगी मोठी झाली की तिचं खाली उतरणं बंद, अशी तेव्हा घरोघर रीत होती. आजोबा बोलले. अच्छन गप्प राहिले, आणि तेव्हा त्यांना आवाज होता. ताप, परीक्षा, पाहुणे, दर खेपेला माझी मोजणी खंडत आली होती, आणि या खेपेला काठीला आठच दिवस उरले होते. मी रीतसर उलट्या पावली बाहेर आले आणि त्यानंतर मागच्या खिडकीत तांदूळ निवडताना रोज वायतारी ऐकत राहिले. त्यामुळे मला सगळ्या कवायती तोंडाने येतात, हाताने निम्म्या.

अच्छनचा आवाज गेला तेव्हा अर्धी पोरं रंगीत पट्टे देणाऱ्या कराटेच्या वर्गात गेली. उरलेल्या नऊ पोरांसमोर अच्छन एका सकाळी मुके उभे होते. मी खिडकीतून म्हणाले, “उजवा पाय पुढे,” आणि नऊ उजवे पाय पुढे आले. अच्छननी खिडकीकडे पाहिलं आणि मानेनेच मला खाली बोलावलं. तेव्हापासून मीच सांगते.

काठीबद्दल मी कधी विचारलं नाही. पन्नाशीच्या बाईने काठी मागितली तर लोक गुडघ्यांची चौकशी करतात.

सव्विसावा

पोरं निघून गेल्यावर मी झाडायला खाली उतरले तर शिम्ना अजून तिथेच. भिंतीवरच्या काठ्या एकेक करून नजरेनेच उभ्या करत होती, न उतरवता, नुसती मान तिरकी करून अंदाज घेत. काठी धरणाऱ्याच्या भुवयांना लागली पाहिजे. एकाची दुसऱ्याला चालत नाही.

“एकही माझ्या मापाची नाही,” ती म्हणाली. “चार लांब आहेत, दोन आखूड.”

“तुझी कापतील.”

“मग माप कधी घेणार?”

“आधी दिवस भर. उंची कुठे पळून जात नाही.”

“माझी जाते,” ती म्हणाली. “मागच्या गावात मी दोन बोटं कमी होते.”

बत्तिसावा

सुरेंद्रन सकाळीच आला, हातात हेल्मेट. हेल्मेट हातात असलं की तो एखादी अवघड गोष्ट सांगायला आलेला असतो, हे एवढ्या दिवसांत मला कळलं होतं.

“चेची, उद्या संध्याकाळी तंबू उतरतोय. गर्दी नाही. पय्यन्नूरला जत्रा लागतेय, मालक म्हणतात तिकडेच जाऊ.”

“पंचेचाळीस म्हणाला होतास.”

“मालकही पंचेचाळीसच म्हणाले होते.”

मी खाली पाहिलं. शिम्नाचा पाय वर गेलेला होता आणि तिथेच राहिला होता. मग तिने तो हळूच खाली आणला. रडली वगैरे नाही. बोटांवर काहीतरी मोजलं.

“उद्याचा धरून तेहेतीस,” ती म्हणाली. “मोहेंजोदडो.”

बत्तिसावाच, दुपार, कंजी वाढताना

“आठ दिवस राहतात फक्त,” मी अच्छनना म्हणाले.

त्यांचे ओठ हलले. आठ म्हणजे आठ.

“ती पय्यन्नूरला रोज करेल की.”

तिथे कळरी कुठे आहे? आणि वायतारी कोण सांगणार?

“मी सांगेन. फोनवर. इथे खाली उभी राहून सांगेन, पहाटे साडेपाचला, नेहमीसारखी. तुम्ही बाजूला बसा.”

फोनवर पाय दिसत नाहीत.

“तुम्ही इथे तरी कुठे बघता? डोळे मिटून बसलेले असता. पाऊल तळहाताला लागल्याचा आवाज ऐकता आणि कोणाचा गुडघा वाकला ते सांगता. नऊ पोरांत.”

ते कंजी पीत राहिले. मी लोणचं वाढलं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

“माझेही आठच राहिले होते,” मी म्हणाले.

अच्छननी चमचा खाली ठेवला. मग उठून हात धुवायला गेले, आणि हात धुता धुता, पाण्याच्या आवाजात, काहीतरी कुजबुजले. मला ते अर्धंच ऐकू आलं, पण अर्धं पुरेसं होतं. चार्जिंग पूर्ण असू दे, असं काहीतरी होतं.

तेहेतिसावा

“चेची, तंबू गोल असतो,” बिबिन म्हणाला. निघायच्या आधीची शेवटची शंका.

“मग?”

“गोलाला कोपरा नसतो. पूतरा कुठे धरायचा?”

हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या सातशे वर्षांच्या का किती त्या परंपरेत कोणालाच सुचलं नसावं. मी अच्छनकडे पाहिलं. त्यांनी नैर्ऋत्येकडे बोट केलं: दिशा तर असते ना?

चौतिसावा

“पोचलात?”

“हो. रात्रीतच तंबू ठोकला. फोनमधलं होकायंत्र लावून पाहिलं. नैर्ऋत्येला तंकच्चन बसतो.”

“कोण तंकच्चन?”

“ड्रमवाला. त्याची खुर्ची आणि मोठा ड्रम आहे. तो अजून झोपलाय, बँड दुपारी असतो. आम्ही ड्रमवर जास्वंद ठेवलं.”

“दिवा?”

“तंबूत दिवा लावू देत नाहीत. जोकरमामांनी टॉर्च दिलाय.”

अच्छननी डोळे मिटले. मी म्हणाले, “उजवा पाय पुढे,” आणि ऐंशी किलोमीटरवर दोन पाय पुढे आले. फोनमधून थप आवाज आला. मग थोड्या अंतराने दुसरा थप.

अच्छन कुजबुजले.

“बिबिन,” मी फोनमध्ये म्हणाले, “गुडघा वाकतोय.”

पलीकडे बिबिन हळू आवाजात बहिणीला म्हणाला, “दिदी, इथे कॅमेरा बसवलाय.”

पस्तिसावा, छत्तिसावा

थप, थप. थप, थप. ड्रमवाल्या तंकच्चनने चौकशी केली की आपल्या ड्रमवर रोज फूल कोण वाहतंय, आणि बिबिनने सांगितलं की तुमच्या खुर्चीवर वडकऱ्याचे सगळे गुरुक्कळ येऊन बसतात, तर त्या दिवसापासून तंकच्चन खुर्चीला हात लावून मगच बसतो, असं कळलं.

सदतिसावा

मी म्हणाले, “उजवा पाय पुढे,” आणि फोन मुका झाला.

रेंज गेली होती. मी थांबले. अच्छननी हाताने खूण केली: चालू ठेव. वायतारी मध्येच तोडत नाहीत. तेव्हा मी कोणीच ऐकत नसताना सगळी म्हणाले, सापासारखं खालून, उसळून, वळून, शेवटच्या पावलापर्यंत. खाली कळरीत आमची नऊ पोरं नेहमीसारखी करत होती. ऐंशी किलोमीटरवर काय झालं, देव जाणे.

वीस मिनिटांनी फोन आला. शिम्नाला धाप लागली होती.

“झाली. तुझा आवाज नव्हता, तरी झाली. सगळी.”

“कोणी पाहिलं?”

“बिबिनने.”

“बिबिनची साक्ष धरत नाहीत. तो तुझ्याच बाजूचा. आणखी कोणी?”

“कोणी नाही. सगळे झोपलेत.”

मी अच्छनकडे वळले. त्यांनी तळहात उलटा केला. पाहिलं नाही, ऐकलं नाही. मोजू कसा?

“चेची? काय म्हणतात?”

“ठरवतायत.”

“म्हणजे परत पहिला दिवस?”

“ठरवतायत म्हटलं ना, मोळे.”

फोन तिने ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तंबूच्या कापडाचा वाऱ्याने होणारा आवाज ऐकू येत होता.

“मी खोटं सांगत नाहीये,” ती शेवटी म्हणाली.

अडतिसावा

सकाळची कवायत झाली, दोन थप झाले, फोन बंद केला. अच्छन स्टुलावरून उठले नाहीत. मला जवळ बोलावलं.

एक्केचाळिसाव्याला वायतारी सांगायची नाही, त्यांचे ओठ म्हणाले. तिने एकटीने करायची. जमली, तर सदतिसाव्यालाही जमलीच असणार.

“आणि ते फोनवर कसं कळणार तुम्हाला?”

फोनवर नाही. पय्यन्नूरची तिकिटं काढ.

अच्छन शेवटचे आगगाडीत बसले ते ऑपरेशनसाठी, आणि त्याच्या आधी माझ्या लग्नाचं जमवायला. दोन्ही प्रवासांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं.

शिम्नाला फोन करून अट सांगितली. हातसुद्धा वर जायला नको, हेही सांगितलं. ती म्हणाली, “बरं.” मग म्हणाली, “गुरुक्कळ सर्कशीत येणार?” मग पलीकडे बिबिनचा आवाज: “त्यांना फुकट पास देऊ का पुढच्या रांगेचा?”

एक्केचाळिसावा

पहाटेच्या गाडीत गर्दी नव्हती. अच्छनच्या मांडीवर जुन्या मुंडूत, म्हणजे लुंगीत, गुंडाळलेली काठी आडवी होती. मला वाटलं त्यांचीच, चालायची. माहीजवळ गाडी वळली तेव्हा मुंडूचं टोक सुटलं आणि वेत दिसला. नवा नव्हता. मधासारखा रंग आलेला, गाठी घासून गुळगुळीत झालेल्या.

“ही कुठली?”

घरातली.

“भिंतीवर तर नव्हती.”

माळ्यावर होती.

मी ती उभी धरून पाहिली, बसल्या बसल्याच. “तुमच्याही मापाची नाही, माझ्याही नाही,” मी म्हणाले. एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या पोरीच्या भुवयांना लागेल एवढी. वेत नुसता माळ्यावर पडून राहिला तर तीन-चार वर्षांत सुकून तडकतो. दर वर्षी तेल पाजल्याशिवाय असा राहत नाही. चाळीस वर्षं तर नाहीच.

मी अच्छनकडे पाहिलं. ते खिडकीबाहेरच्या नारळीकडे फार लक्ष देऊन बघत होते, जणू नारळीची झाडं आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होती.

मी काठी परत गुंडाळली. माझ्या हातालाही तेल लागलं.

तंबूत साडेआठला सगळी सर्कस जमली होती. कोणी बोलावलं नव्हतं, पण एका गुरुक्कळना बघायला मिळणार म्हटल्यावर स्वयंपाकी पळी घेऊन आला, जोकर तोंडात ब्रश घेऊन आला, तारेवरच्या मुली केसांना तेल लावत बाकांवर बसल्या. सुरेंद्रन हेल्मेट हातात घेऊन उभा होता. दिलमायाने मला घट्ट धरलं आणि सोडलंच नाही. नैर्ऋत्येला ड्रमवर जास्वंद होतं आणि तंकच्चन अंघोळ करून, पांढरी मुंडू नेसून खुर्चीच्या शेजारी उभा होता. खुर्चीवर बसायची त्याची हिंमत नव्हती.

अच्छन पूर्वेला, कलाकार आत येतात त्या पडद्यापाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. गुंडाळी सोडली, काठी दोन्ही हातांत उभी धरली. मी त्यांच्या बाजूला.

शिम्ना आणि बिबिन उजव्या पायाने रिंगणात उतरली. माती शिवली, म्हणजे लाकडाचा भुसा. ड्रमला नमस्कार केला.

सवयीने माझं तोंड उघडलं. अच्छननी काठीचं टोक माझ्या पायाला हळूच लावलं. मी तोंड मिटलं.

कोणीच काही बोललं नाही आणि दोन उजवे पाय पुढे आले.

गुडघा वाकवून. हात छातीशी. मी मनातल्या मनात म्हणत होते आणि ती माझ्यापेक्षा अर्धा श्वास पुढे होती. डावा मागे ओढून. खाली वाकून, माती बघून. वर. पाय गेला, थप. बाकांवरून कोणीतरी नकळत टाळी वाजवली. सर्कशीतली माणसं ती, चांगला पाय दिसला की त्यांचे हात थांबत नाहीत. टाळीपाठोपाठ दुसरी, मग सगळीच.

बिबिन गेलाच. हात वर, मान तिरकी, बत्तीस नाही पण होते तेवढे दात. वर एक गिरकी पण घेतली. मग त्याला आठवलं. हात वरच राहिले, हसू गेलं.

शिम्नाचा उजवा हात कमरेपासून सुटला. मला दिसलं. मनगट वळलं, बोटं पसरायला लागली, छातीपर्यंत आली. दिलमायाची नखं माझ्या दंडात रुतली. टाळ्या चालूच होत्या.

तिने ती बोटं छातीशीच मिटली. पुढची हालचालही तीच होती, हात छातीशी. कवायतीत तो हात तिथे एक क्षण लवकर पोचला, एवढंच. बाकी कोणाला कळलंही नसेल. ती वळली, बाकांकडे पाठ केली, आणि पुन्हा समोर फक्त ड्रम उरला. टाळ्या आपोआप कमी झाल्या. पाठ करून उभ्या असलेल्या माणसासाठी किती वेळ वाजवणार? डावा पाय पुढे. साप. उसळून, वळून. शेवटचं पाऊल. ती थांबली. हात खाली. स्वयंपाक्याच्या पळीतून काहीतरी टपकत होतं.

मग ती उलट्या पावली निघाली.

ड्रमकडे तोंड, आमच्याकडे पाठ, सरळ रेषेत. मागे बघितलं नाही. पडदा कुठे आहे हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. अच्छन पडद्यासमोरून हलले नाहीत. ती येत राहिली, आणि तिची पाठ काठीला टेकली तेव्हाच थांबली.

तरीही वळली नाही. तसेच दोन्ही हात मागे नेऊन तिने चाचपून पाहिलं. वेत. गाठी. अच्छननी हात सोडले.

“वळ आता,” मी म्हणाले. “पूतऱ्याची हरकत नाही.”

ती वळली, काठी उभी धरली. बरोबर भुवयांना लागत होती. तिने डोळे वर करून टोकाकडे पाहिलं, मग अच्छनकडे, मग माझ्याकडे.

“माझं माप कधी घेतलं?”

अच्छनचे ओठ हलले नाहीत. हे मलाच सांगायचं होतं.

“घेतलं होतं,” मी म्हणाले. “तेव्हा तू नव्हतीस.”

तिला ते नीट कळलं नसावं, पण तिने विचारलं नाही. काठी दोन्ही मुठींत धरून ती नुसती उभी राहिली. मी तिच्या मुठीवर हात ठेवला. जरा वेळ आम्ही दोघींनी ती धरली. मग मी हात काढून घेतला.

“चेची,” रिंगणाच्या मधून आवाज आला. बिबिन होता तिथेच होता, हात अजून वर. “मी खाली घेऊ का हात?”

अच्छनचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. आवाज नसल्यामुळे ते हसणं बराच वेळ चालतं.

“घे,” मी म्हणाले. “बाहेर जा. उजव्या पायाने परत आत ये. आज तुझा पहिला दिवस.”

“पय्यन्नूरला आजपासून चाळीसच दिवस आहोत, चेची.”

“मग पुढच्या गावातून एक फोन कर. उजवा पाय पुढे.”